बेचाळीस झाडं

माझा काका एकतीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होता. अक्षर मोत्यासारखं, रेघ अशी की पट्टीनेही लाजावं, आणि कणा मात्र खोडरबराचा. सख्ख्या काकाबद्दल असं लिहू नये. आपलेच दात, आपलेच ओठ. पण मला त्याची किळस आली ती आलीच.

ऊन त्याला तोंडपाठ होतं. आमची जुनी गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना तीन मजली घरं. लहानपणी तो मला हाताला धरून दाखवायचा, "बघ, या घराची सावली त्या घराच्या दारात पडते. आणि गल्ली वाऱ्याकडे तोंड करून आहे, म्हणून इथे उकडत नाही." काकू भर दुपारी दारात बसून भाजी निवडायची.

पुढे साहेबाने त्याला नव्या वसाहतीचं काम दिलं. सहा उंच इमारती, त्यांच्या काचेच्या भिंती, मध्ये भलंमोठं अंगण. अंगणाखाली गाड्यांसाठी तळघर, आणि त्याच्या छतावर जेमतेम वीतभर माती. साहेब म्हणाला, "जरा हिरवं दिसू दे." काकाने बेचाळीस झाडं काढली, वर प्रत्येकाला गोल गोल सावलीसुद्धा. निवृत्त झाल्यावर हा शहाणा तिथेच राहायला गेला. प्रत्यक्षात झाडांच्या जागी कुंड्या आल्या आणि कुंड्यांत काटक्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मग काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज दोनदा अर्धा अर्धा तास चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. मी समोरच्याच इमारतीत राहते, त्यामुळे तो तमाशा डोळ्यांनी पाहिला. सकाळी काचेवरून ऊन उसळून थेट तोंडावर यायचं. संध्याकाळी दिवसभर तापलेली फरशी खालून भाजायची आणि तळमजल्यावरच्या एसींचा गरम वारा पायांवर यायचा. तिसऱ्या दिवशी काकूला घेरी आली. ती बाकावर टेकली आणि किंचाळून उठली. बाक लोखंडी होता.

तेव्हापासून काका तिला तळघरात फिरवू लागला. अख्ख्या वसाहतीत गारवा तेवढा तिथे, गाड्यांच्या वाट्याला. धुराचा वास, जमिनीवर तेलाचे ओघळ, कोपऱ्याकोपऱ्यात थुंकीच्या पिचकाऱ्या. गाडी आली की माझी काकू खांबाला चिकटून उभी राहायची आणि ड्रायव्हर वर तिच्यावरच डाफरायचा. शिसारी येते हो!

एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर खाली गेले आणि माझा तोल सुटला. "काका, माळी सांगत होता, वीतभर मातीत झाड धरणारच नाही. तुला हे आधी कळलं नव्हतं?"

"साहेब म्हणाले होते..." त्याने सुरुवात केली.

"साहेबांचं राहू द्या," काकू म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं का?"

काका चष्मा पुसत राहिला. "होतं. पण नकाशात सगळेच काढतात गं."

त्याच्या कोपराला धरलेला हात काकूने काढून घेतला, भिंत चाचपत दोन पावलं टाकली आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

"उद्यापासून माझ्याबरोबर तू येत जा," ती म्हणाली. "त्यांना नको."