विटांची कड

कंडक्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. गर्दी दिसली की त्याच्या तोंडून 'पुढे सरका, पुढे सरका' निघायचंच. एकदा दवाखान्यात तो असं बोलून गेला आणि बाकावरचे एक आजोबा खरंच सरकले, तेही खाली पडेपर्यंत. स्वभाव भोळा म्हणावा तर तितका भोळा नव्हता, आणि हुशार म्हणावा तर ते त्याहून नाही. हातात घेतलेलं काम मात्र जीव ओतून करायचा. शेवटी तेच नडलं.

शहराच्या जुन्या भागात एक दफनभूमी होती, दोनशे वर्षांहून जुनी. पुढच्या बाजूला बड्या लोकांची दगडी थडगी, कोरीव अक्षरांची, लोखंडी कठड्यांची. मागच्या भिंतीला लागून लहान मुलांचा कोपरा. तिथे दगड नाहीत, नावं नाहीत. ज्यांची मुलं तिथे होती त्यांना दगड परवडत नव्हता, आणि बऱ्याच मुलांना नाव मिळायच्या आतच आणलेलं होतं. पुढे ती जागा भरली म्हणून बंद झाली आणि मागे असं काटेरी रान माजलं की कुत्रंसुद्धा आत शिरेना.

त्या कोपऱ्यात कंडक्टरची मुलगी होती. पहिली. एक रात्र जगली. बायको अजून दवाखान्यातच होती, तेव्हा तो आणि त्याचे वडील तिला घेऊन गेले. "बाळंतिणीने नको यायला," असं त्याची आई म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला. पुढे एकदा बायकोने विचारलं, "मला दाखवाल?" तो म्हणाला, "दाखवीन की, जरा बरी हो." मग मुलगा झाला, त्याची शाळा झाली, तो दूरदेशी गेला आणि तिथलाच झाला. 'जरा बरी हो' म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. माणसं अशीच उद्यावर ढकलतात आणि वर म्हणतात की वेळ मिळाला नाही.

आता बायकोचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की औषध चालू ठेवा, बाकी काही हातात नाही. त्या संध्याकाळी ती पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तसाच ठेवून म्हणाली, "मला एकदा तिच्याजवळ बसायचंय."

"बसशील," तो म्हणाला. "निशाणी आहे. मी एक वीट उभी रोवलीय. अर्धी आत, अर्धी बाहेर."

"नक्की सापडेल?"

"न सापडायला काय झालं? तिथे दुसरी वीट कुणी कशाला लावतंय!"

रान तेवढं साफ व्हायला हवं होतं. सुंठीवाचून खोकला जावा तसं झालं, कारण त्याच सुमारास एक स्वयंसेवक मंडळ निघालं. दर रविवारी सकाळी दफनभूमी साफ करायची. म्होरक्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. बाई घडीच्या खुर्चीवर छत्री धरून बसत आणि उंटावरून शेळ्या हाकत. त्यांचा नियम एकच: "हलेल ते उचला, हलणार नाही ते घासा." ऐकायला झकास. थडगी घासून उजळली, पालापाचोळा, बाटल्या, फुटक्या कुंड्या उचलून झाल्या. शेजारच्या गल्लीतला सलूनवाला सगळ्यांत उत्साही. त्याच्या हातात कात्री नसली की कुदळ हवी, नाहीतर तो नुसता बोलत सुटायचा.

कंडक्टर घासत होता पुढे, आणि लक्ष सगळं मागे. तो दोनदा बाईंना म्हणाला, "मागचं आधी घेऊ या का?" बाई म्हणाल्या, "कंडक्टर, आधी दर्शनी भाग. पाहुणे पुढूनच येतात." मागे माझी मुलगी आहे, एवढं सांगायला दोन शब्द पुरले असते. त्याच्या तोंडून ते निघाले नाहीत. लोक हळहळतील, पाठीवर हात ठेवतील, ते त्याला नको होतं.

मग बाईंच्या मनात आलं की फाटकापासून आतपर्यंतच्या पायवाटेला कड हवी. कंडक्टरच पुढे झाला. "विटा तिरप्या लावू. दाताळ्यासारखी नक्षी होते." विटा सलूनवाल्याने आणल्या, पाटीमागून पाटी. "कुठून रे?" कंडक्टरने विचारलं. "मागे पडल्यात ढीगभर," तो म्हणाला. कंडक्टरला वाटलं, भिंतीचा तुकडा ढासळला असेल. प्रत्येक वीट अर्धी काळपट आणि अर्धी शेवाळी. "या विटांनी अर्धी विजार घातलीय की काय!" असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि काळी बाजू खाली, हिरवी वर, अशी एकेक सुबक बसवत गेला. सुतळी धरून लावलेली ती कड इतकी देखणी झाली की वर्तमानपत्रात फोटो आला. खाली बाईंचं नाव होतं, पण बाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "ही कड आमच्या कंडक्टरची."

पुढच्या रविवारी मंडळ मागे गेलं. कंडक्टर सगळ्यांच्या आधी झुडपांपाशी पोचला, आणि पाहतो तो झुडपं नव्हतीच. मुलांचा कोपरा भिंतीपर्यंत साफ, सपाट, झाडलेला. सलूनवाला छाती काढून उभा.

"महिनाभर सकाळी दुकान उघडायच्या आधी भिंतीकडून तोडत येत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, सगळ्यांना चकित करावं."

"इथे एक वीट होती," कंडक्टर म्हणाला. "उभी."

"एक? अहो, पुष्कळ होत्या! रांगाच्या रांगा. लाथ मारली की निघायच्या. बाईंचा नियमच आहे ना, हलेल ते उचला."

आपल्यासारखाच दुसराही कुणी बाप वीट घेऊन आला असेल, हे कंडक्टरच्या कधी मनातच आलं नव्हतं. प्रत्येकाला तसंच वाटलं असणार, की ही एकटी वीट आहे, आपल्याला सापडेलच. आणि त्या सगळ्या विटा त्याने, स्वतःच्या हातांनी, सुतळी धरून पायवाटेला लावल्या होत्या. सलूनवाल्यावर ओरडावं तर काय म्हणून ओरडायचं? तो घाम पुसत शाबासकीची वाट बघत होता. कंडक्टर म्हणाला, "छान केलंस." मग तो भिंतीकडे तोंड करून लघवीला गेल्यासारखा उभा राहिला आणि रडला.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "सापडली?"

"सापडली," तो म्हणाला. शब्द गेला तो गेलाच.

त्यानंतर त्याने जे केलं ते लाजिरवाणं होतं. शनिवारी संध्याकाळी तो एकटा गेला, कडेतली एक वीट उपटली आणि कोपऱ्यात उरलेल्या एका झाडाखाली उभी रोवली. झाडाखालीच का, तर बायकोला ऊन लागू नये म्हणून. लबाडी करतानाही माणूस काळजी घ्यायचं सोडत नाही.

रविवारी तो तिला रिक्षाने घेऊन आला. फाटकापासून ती दर चार पावलांवर थांबत, त्याचा दंड धरून चालली. कडेकडे पाहून म्हणाली, "तुम्ही लावली ना? सुरेख झालीय हो." त्याने मान हलवली. झाडाखाली पोचल्यावर ती जमिनीवर बसली, आणि तिने विटेवर तळहात ठेवला. चेहरा इतका निवांत झाला की कंडक्टरला क्षणभर वाटलं, झालं ते चुकलं नाही. एवढ्यावर सगळं निभावलं असतं तर मीही ही हकीकत सांगत बसलो नसतो.

पायवाटेने एक म्हातारी आली. हातात काठी, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र. फोटो बघून तिला कळलं होतं की इथली साफसफाई चाललीय. ती कोपऱ्यावर नजर फिरवत आली आणि झाडाखालची वीट दिसताच तिच्या हातून काठीच सुटली.

"सापडली गं बाई! हीच. आमच्या ह्यांनी उभी वीट लावली होती. दोन महिन्यांचा होता माझा."

बायकोने विटेवरचा हात काढला नाही. "आजी, तुमची चूक होतेय. ही आमची आहे."

"तुमची कशी? अख्ख्या कोपऱ्यात एकच वीट आहे, ताई. माझीच असणार ती."

"अहो," बायको म्हणाली, "सांगा ना यांना."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. एका आसनावर दोन प्रवासी हक्क सांगतात, हा तंटा त्याने जन्मभर मिटवला होता. तिकीट बघायचं, एकाला बसवायचं, दुसऱ्याला पुढे सरका म्हणायचं. आता एकीला बसवायची तर दुसरीला कुठे पाठवणार? आणि जिला बसवायची तिच्याखाली तरी काय होतं?

"दोघींचीही नाही," तो म्हणाला. "मी काल आणून रोवलीय."

बायकोला पटकन कळलं नाही. "आणि आपली?"

त्याने पायवाटेकडे बोट दाखवलं. कड उन्हात फाटकापर्यंत सरळ गेली होती. "सगळ्या तिथे आहेत. सगळ्यांच्या. मीच लावल्या, मला माहीत नव्हतं."

"त्यातली आपली कुठली?"

"नाही सांगता येत. आणि ती ओळखू आली तरी जागा गेलीच."

म्हातारीने कडेकडे पाहिलं, मग सपाट जमिनीकडे. ती वाकून खाली पडलेली काठी शोधायला लागली. कंडक्टर तिला धरायला पुढे झाला, पण तिने त्याचा हात झिडकारला. बायकोने विटेवरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"आजी, बसा," ती म्हणाली.

"कुठे बसू?" म्हातारीने विचारलं. खरंच विचारलं, कारण पाऊल कुठे टाकावं हेच तिला कळेना.

"कुठेही बसा. आता सगळं सारखंच आहे."

म्हातारी तिच्या शेजारी बसली. कंडक्टरला 'बसा' असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.