हळदीची रेघ
सुनेनं ओट्यावरच्या मुंग्यांवर हळद टाकली आणि त्या वासासरशी मला वडनेरचा आमचा गोठा आठवला. मी तेव्हा बारा वर्षांची असेन. गोठ्यामागे बाबा लघवीला बसत, तिथे मुंग्यांची रांग लागायची. माय म्हणायची, "मारू नोको वं, पाप लागते. हयद टाक." मी रोज हळदीची रेघ ओढायची आणि मुंग्या रोज परत यायच्या. उन्हाळ्यात बाबा तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले, तर सगळे म्हणाले, ऊन बाधलं. मग काट्याची साधी जखम चिघळून पाय काळा पडायला लागला, तेव्हा कुठे बैलगाडी जुंपून आम्ही मलकापूरला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाबांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात मिसळून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि मी बघत असतानाच विटकरी झालं. "मधुमेह आहे. लघवीला मुंग्या लागत होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "हाव. मी रोज हयद टाकू टाकू त्याइले हाकलत होती." "कधीपासून?" मी बोटांवर महिने मोजत मागे गेले, ते थेट होळीपर्यंत. बाबांचा पाय काही वाचला नाही. मी आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेते. सून विचारते, "आत्याबाई, काही होत नाही तं तपासता कायले?" होळीला बाबांनाही काही होत नव्हतं. नुसत्या मुंग्या यायच्या.