तळ्यावरचा जांभळा

धाकट्या बहिणीच्या लग्नाची साडी आप्पा स्वतःच्या मागावर विणणार, हे आमच्या घरात कुणाला ठरवावंच लागलं नाही. वडगावात आमच्या गल्लीतले बाकीचे हातमाग कधीच गेले, पॉवरलूम आले. आप्पांचा एक तेवढा उरला. भानगड झाली रंगाची. खडेबाजारातून खरेदी करून येताना धाकटीनं किल्ल्याजवळच्या तळ्यावरचं संध्याकाळचं आभाळ बघितलं आणि हट्ट धरला, साडी त्याच जांभळ्याची पाहिजे.

"फोटो काढून आण गं," आप्पा मला म्हणाले. "रंगाऱ्याला दाखवाय पाहिजे."

ऑफिस सुटल्यावर माझी वाट तळ्यावरून जाते, एवढाच माझा गुन्हा.

पहिल्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशी रिक्षांच्या गर्दीत अडकले आणि पोचेपर्यंत सूर्य दुकान बंद करून गेला होता. तिसऱ्या दिवशी सगळं जुळून आलं, तर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं नेमकं माझ्या सूर्यासमोर उभं. वर त्यांचा फोटोग्राफर मलाच म्हणतो, "आक्का, जरा बाजूला सरका की." सरकले. पाय चिखलात गेला, पण फोटो असा मिळाला की मीच माझ्यावर खूश झाले.

आप्पांनी फोन खिडकीपाशी नेला. लांब धरला, तिरका धरला.

"मातकट आलाय."

"जांभळा हाय की त्यो, आप्पा."

"तुला रंगातलं काय कळतंय?"

हे मी लहानपणापासून ऐकत आले. रेशमाच्या लडींना हात लावला की हेच वाक्य यायचं, आणि हात आपोआप मागं जायचा. मी परत तळ्यावर गेले. ऑफिसातल्या बाईंचा महागडा फोन मागून नेला. मातकट. फोनचा उजेड पुरता वाढवून दाखवला. तरी मातकट. लग्न दीड महिन्यावर आलं, माग रिकामा, धाकटीचं तोंड फुगलेलं, आणि मी रोज चिखलाची चप्पल धुतेय. शेवटी माझं डोकं फिरलं.

"आता तुमीच चला. आभाळच दावते. मग म्हणा मातकट."

स्कूटरवर मागं बसवून त्यांना नेलं. रंगाऱ्याला नमुना द्यायला, आधीच्या साड्यांतून उरलेल्या लडींची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती.

त्या संध्याकाळी आभाळानं हातचं काही राखलं नाही. वर गडद जांभळा, खाली गुलाबी, आणि तेच सगळं पुन्हा पाण्यात. काठावरची माणसं बोलायची थांबून मोबाइल वर धरून उभी होती. आप्पांनी पिशवीतली एक लड काढून आभाळाला लावली, ठेवून दिली. दुसरी लावली. तिसरीवर त्यांची मान हलली.

"ही बघ. ही बराबर."

लड तपकिरी होती. मी भांडायला तोंड उघडलं आणि विचारलं भलतंच.

"आप्पा, आभाळ कसं दिसतंय?"

"मातकटच की. रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखं? कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं असंल." ते लडीकडं बघत होते. "मला वाटलं, आता दिवसच तसले आल्यात."

मला राग आला. त्यांचा थोडा, माझा जास्त. ढगांना बोलले, रिक्षांना बोलले, फोनला तर रोजच शिव्या दिल्या. आप्पांच्या डोळ्यांकडं मात्र एकदाही बघितलं नाही. त्या डोळ्यांवर आमचं घर चाललेलं.

"उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं."

"जाऊया. आदी साडी."

"आदी डोळं."

दोघांनाही माहीत होतं की लग्न थांबणार नाही. मग त्यांनी तपकिरी लड पिशवीत टाकली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"तू काढ."

मी हात घातला. उजेड भराभर उतरत होता. एकेक लड मी आभाळाला लावत गेले. आप्पा आता आभाळाकडं बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"जुळला का गं?" त्यांनी विचारलं.