दुखणेताईचं बक्षीस

ओळखीचं माणूस भेटलं की आपण "कशी आहेस?" विचारतो. दुखणेताई विचारायची, "कुठं दुखतंय?" विद्यापीठाच्या गेटवर भेटो की कँटीनमध्ये, पहिला प्रश्न हाच. आणि नुसतं विचारून पुढं जाणारी बाई नव्हे ती, उत्तर मिळेपर्यंत समोर उभी राहायची. कँटीनचे चाचा तर तिला लांबून बघूनच ओरडायचे, "आज घुटना, ताई!" आडनाव तिचं वेगळंच होतं, पण आमच्या मानसशास्त्र विभागात ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही.

तिची पीएच.डी.ही दुखण्यावरच. बिडकीनच्या पलीकडचं तिचं गाव. वडील मेंढरं राखायचे, आई रोजानं कापूस वेचायला जायची. रोजानं राबणाऱ्या बायकांचं अंग किती दुखतं आणि त्या ते कसं सांगतात, हा तिचा विषय. माझंही काम वेदनेवरच, म्हणून मी नवी आले तेव्हा माझी खुर्ची तिच्याच टेबलाला लागली. मी आगाऊपणे विचारलं, "ताई, एवढे विषय पडलेत, हे रडगाणं कशाला घेतलंस?" ती म्हणाली, "माझी आई जन्मात एकदाबी 'दुखतंय' म्हणली नाय. 'अंग जड झालंय' म्हणती. डॉक्टर 'अशक्तपणा' म्हणतो अन् लाल गोळ्या देतो. मला हे बदलायचंय."

ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग लागणं तर त्याहून निराळं, हे ती डबा खाताना समजावून सांगायची. माझं डोकं दुखायला लागलं की गोळी देण्याआधी चौकशी: "ठणकतंय का जड पडलंय?" मी वैतागून म्हणायचे, "बाई गं, आधी गोळी दे, मग पीएच.डी. कर!" ती हसत पर्स उघडायची, पण उत्तर घेतल्याशिवाय गोळी काही हातावर पडायची नाही.

विभागातल्या कुणाचीही शिष्यवृत्तीची मुलाखत असली की तयारी दुखणेताईच करून घ्यायची. "रडून दाखवायचं नाय," ती बजावायची. "काय सापडलं ते सांगायचं, अन् काय सापडलं नाय तेबी सांगायचं." तिच्या हाताखालून गेलेल्या दोघीतिघींना शिष्यवृत्त्या मिळाल्या, त्या तिला आइस्क्रीम खायला घेऊन गेल्या.

तिची स्वतःची शिष्यवृत्ती मात्र संपली आणि प्रबंध अर्धा राहिला. तेवढ्यात वेदनेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एका संस्थेचा पुरस्कार जाहीर झाला. मान तर होताच, पण प्रबंध पुरा होईपर्यंतचा खर्चही त्यात भागणार होता. मिळाला तर काम पुरं, नाही तर नोकरी, इतकं ते सरळ होतं. तिनं अर्ज केला, पहिल्या निवडीच्या यादीत नावही लागलं. कधी नव्हे ती ताई देवळात जाऊन आली.

प्रबंधासाठी बायकांच्या शेवटच्या मुलाखती घ्यायला आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, हे ताईनं समजावलं. पहिली म्हणाली दहा. दुसरी दहा. तिसरी तर बसायच्या आधीच दहा म्हणाली. मग ताईच्या शेजारच्या धुरपताकाकू आल्या, डोक्यावरचा भरला हंडा खाली ठेवून. "माझंबी दहा लिही."

"काकू, आत्ता तर हंडा घेऊन आलीस की!"

"मग काय झालं? तुला बक्षीस मिळायचंय ना? तुझ्या आईनं सांगितलंय सगळ्यांना. कमी पडत असंल तर पंधरा लिही. आपल्याच पोरीला कमी पडू द्यायचं व्हय?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. ताईनं हसत हसतच विचारलं, "अन् मागल्या खेपेला?" काकू अभिमानानं म्हणाल्या, "तवाबी तुझ्या परीक्षेसाठी आम्ही समद्यांनी वाढवूनच सांगितलं!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताईचा चेहरा पार उतरला. पुरस्कारासाठी जे दाखवायचं होतं, ते सगळं त्या मागल्या मुलाखतींवरच उभं होतं.

परतताना मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे, ताई? दुखतं तर खरंच ना त्यांचं?"

"दुखतं खरं. पण किती, ते मला कुठं कळलं? त्यांनी मला दुखणं सांगितलंच नाय गं. लाड केले माझे."

तिनं पुरस्काराच्या समितीपुढं जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. समितीनं तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि पुरस्कार दुसऱ्याला दिला. त्या कौतुकाचा मला अजून संताप येतो. सगळं नव्यानं करायचं तर पुढची वेचणी येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि तोवर खायचं काय? ताई चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागली, कामगारांच्या रजा बघायला. सुरुवातीला "एक वर्ष फक्त" म्हणायची. मग ते म्हणणंही बंद झालं.

यंदा माझ्या कामासाठी मी तिच्या गावी गेले. धुरपताकाकूंनी लगेच ओळखलं. "ताईनं बक्षिसाचे पेढे वाटले बरं का गावभर! आमच्या दहानं काम झालं बघ." मी वही काढली. काकू कमरेवर हात दाबत खाली टेकल्या. "तुलाबी बक्षीस पाहिजे असंल. लिही, माझं दहा."

संध्याकाळी मी ताईला फोन लावला. "कशी आहेस गं?" तिनं विचारलं. हल्ली ती असंच विचारते, आणि मला ते नको होतं.

"पेढे कशाला वाटलेस, ताई?"

"मग काय सांगू त्यांना? तुमच्यामुळं गेलं म्हणू?"

शेवटी मी तिचाच प्रश्न तिला विचारला, "ताई, कुठं दुखतंय?"

ती म्हणाली, "काय नाय गं. अंग जड झालंय जरा."