शेपटीचा तारा आणि कोरी घागर

पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांच्या धुराड्यांवर पूर्वेला पहाटे एक फिकट पट्टा दिसला. गडद निळ्या ताग्यावर तेवढ्याच जागी रंग पकडायचा राहावा, तसा. वाटलं, कापड रंगवणाऱ्या डाइंगची वाफ. पण वाफ हलते, हा हलेना. धुळ्याहून अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेली लेक सुरेखा गच्चीवर माझ्यामागे उभी होती.

"आबा, तो धूमकेतू शे."

आमच्या खेड्यात याला अपशकुनी मानत. मी म्हटलं, "असू दे. आपल्या घरातून आता काय नेणार तो?"

खाली ओट्यावर कोरी घागर रिकामी होती. वर्षभरात जे माणूस गेलं, त्याच्या नावानं अखाजीला ती पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. मग ते माणूस पितरांत बसतं. मी कालपासून नाही म्हणत होतो. गिरजाला, माझ्या बायकोला, पितरांत कशी बसवू? तिची चप्पल अजून दाराशी आहे!

सुरेखानं मोबाइलवरचं वाचून दाखवलं. धूमकेतू म्हणजे मळकट बर्फाचा गोळा. दूरच्या काळोखात असतो तोवर त्याला कुणी विचारत नाही. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ उधळते, आणि त्या उधळलेल्या धुळीवर ऊन पडून तो तेजस्वी दिसतो. म्हणजे ज्याला आपण शोभा म्हणतो, ती त्याची झीजच की हो! काही तापून तडकतात, तुकडे होतात. काही फेऱ्या मारून मारून म्हातारे होतात. बर्फ संपतो, शेपूट फुटत नाही, नुसतं काळं ढेकूळ फिरत राहतं. तसं रिकामं फिरत राहणं मला कुणी समजावून सांगायला नको.

गेल्या थंडीत गिरजाचं अंग वाळत गेलं आणि चेहरा मात्र उजळला. खाटेवरून शेजारणींची थट्टा करायची. मला म्हणायची, "मी गेल्यावर चहात मीठ टाकून प्याल तुम्ही." सगळे म्हणत, बरी दिसते. मीही तेच धरून बसलो, आणि ती गेल्यावर त्या तेजावरच चिडलो. फसवलं मला त्यानं, असं वाटायचं.

पण फसवणूक कसली? जवळ होतं नव्हतं ते सगळं ती आमच्यावर उधळत होती. आम्ही त्या उजेडात बसलो, हसलो. उधळलेलं परत गोळा करून तिला पुन्हा खाटेवर निजवायचं का मी?

आकाश पांढरं झालं, पट्टा उन्हात विरला. सुरेखा हळूच म्हणाली, "आबा, मायले तहान लागी व्हई."

इतकं देऊन गेलेलं माणूस तहानलेलंच असणार.

मी खाली उतरून घागर नळाखाली धरली. कोरी माती पाणी पिताना बारीक आवाज करते, तो ऐकत उभा राहिलो. वर डांगर ठेवलं. सुरेखा पुढे आली नाही; माझं मला ठेवू दिलं.