फसलेल्या तीन पिंपांची चौकशी

फसलेली वस्तू कोणाच्या मालकीची असते, हा प्रश्न कायद्याच्या परीक्षेत मला कुणी विचारला नव्हता. तो बालाघाटात नोकरीला लागल्यावर समोर आला, आणि त्याचं उत्तर मला पुस्तकात नाही, एका लोहारकामाच्या दुकानात मिळालं.

मी सरकारी वकील होतो, पण कोर्टात उभा राहणारा नाही. सरकारची निरनिराळी खाती प्रयोगाची कामं बाहेरच्या लोकांना देत. कुणाला नवं अवजार बनवून बघायचं असे, कुणाला हलक्या प्रतीचं मँगनीज धुऊन बघायचं असे. त्या कामांचे करारनामे माझ्या हाताखालचे दोन साहाय्यक वकील लिहीत आणि मी ते तपासून सही करी. टेबल-खुर्च्या घ्यायच्या असल्या तर करार सोपा असतो. नमुना समोर असतो, माल नमुन्यासारखा आला की झालं. प्रयोगाला नमुनाच नसतो. जे आजवर कुणी बनवलं नाही ते बनवायचा प्रयत्न कर, असं लिहून द्यायचं, आणि प्रयत्न फसला तरी करार मोडला असं म्हणायचं नाही. याचं मला फार नवल वाटे. एखादा करारनामा मी कामापुरता वाचून झाला तरी पुन्हा वाचत बसे.

मी कटंगीकडच्या खेड्यातला. घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. कटंगीच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला सरकारी कागद वाचायला शिकवलं. ते म्हणत, "कागद शेवटून वाच. काय पाहिजे ते शेवटी लिहिलेलं असते." त्या मास्तरांचे उपकार माझ्यावर फार आहेत. पुढे नागपुरात कायदा शिकलो, तेवढ्यात राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर पलीकडे गेलं, आमचा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. मग कचेरी हिंदीत, कायदा इंग्रजीत आणि समोर बसलेला माणूस आमच्या बोलीत, असं माझं सगळं आयुष्य तीन भाषांत गेलं. त्याची तक्रार नाही. तिन्ही भाषांनी मला पोसलं.

साठीच्या दशकातली गोष्ट. कापणीनंतर ओलं राहिलेलं धान वाळवायचं यंत्र बनवून बघावं, असं एका खात्याच्या मनात आलं. जाळायला धानाचाच भुसा, वर फिरतं लोखंडी पिंप, पिंपात धान. काम मिळालं स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला. तो तांदळाच्या गिरण्यांची दुरुस्ती करी आणि हाताने फारच कुशल होता. लोखंडी पत्रा त्या काळी परमिटाशिवाय मिळत नसे, म्हणून पत्रा खात्यानेच दिला. करारात मी स्वतः एक कलम घातलं होतं: फसलेले सर्व नमुने ठेकेदाराने जपून ठेवावेत, ते सरकारच्या मालकीचे राहतील. प्रयोग कुठे फसला हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे, नाहीतर तो तिथेच फसेल, असा माझा विचार होता. त्या कलमाचा मला थोडा अभिमानही होता.

चौथं यंत्र चांगलं चाललं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ते पसंत केलं आणि विचारलं, "आधीची तीन कुठे आहेत?" तीन पिंपं नव्हतीच. अधिकाऱ्याने तसा अहवाल पाठवला आणि वरून मला हुकूम आला. तीन पिंपांचा परमिटचा पत्रा ठेकेदाराने काळ्या बाजारात विकला असावा, तरी पोलिसांत द्यायच्या फिर्यादीचा मसुदा पंधरा दिवसांत सही करून पाठवावा.

मसुदा माझ्या साहाय्यकाने दोन दिवसांत तयार केला. हा तरुण जबलपूरकडचा, हुशार आणि तिखट जिभेचा.

"साहब, मामला साफ है," तो म्हणाला. "लोहे की चद्दर गई गोंदिया के बाज़ार, और मिस्त्री कहेगा चूहे खा गए।"

"तू दुकान पाहिलंस?"

"दुकान क्या देखना? कागज़ देखा है।"

कागद मीही पाहिला होता, शेवटूनही पाहिला होता. पण मला एक समजत नव्हतं. पत्रा विकायचाच असता तर चौथं यंत्र इतकं जीव ओतून त्याने का बनवलं असतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली.

दुकान म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. मिस्त्रीची बायको भाता ओढत होती. मला पाहून मिस्त्री उठला.

"या जी वकीलसाहेब. पाटावर बसा, खुर्चीचा पाय तुटला हाय."

"गावाच्या खुर्च्या जोडते," बायको भात्यावरूनच म्हणाली, "आपली तेवढी जोडत नाई."

मी पाटावर बसलो आणि सरळ विचारलं, "ती तीन पिंपं कुठे आहेत?"

"मोडले."

"काहून?" कचेरीतली भाषा माझ्या तोंडातून आपोआप गळून पडली.

"काहून म्हंजे? बिघडलेलं काम दुकानात ठेवते का कोनी? माह्या उस्तादानं सांगतलं होतं, बिघडलेलं काम डोयापुढं राह्यलं का हात त्याच्यापासूनच शिकते. आमच्यात बिघडलं का त्याच आठवड्यात मोडाचं, भट्टीत घालाचं."

"पण करार केला त्या दिवशी मी ठेवायला सांगितलं होतं. तुम्ही हौ म्हणाला होतात."

"हौ म्हनलो ना. आन ठेवलं बी होतं. पयलं पिंप आठ दिस त्या कोपऱ्यात ठेवलतं. दुसरं बनवाले बसलो तं वाफ निघाचं तोंड तेवढंच बारीक झालं, जेवढं पयल्याचं. माहीत असून झालं, साहेब! डोये सारखे कोपऱ्यात जात. मंग दोनी मोडले, तवा जीव थंडा झाला."

मी फसलेली वस्तू ठेवायला सांगत होतो पुढच्या माणसाने शिकावं म्हणून, आणि हा ती मोडत होता स्वतःच्या हाताने शिकू नये म्हणून. दोघांनाही एकाच गोष्टीची भीती होती. पण ही भीती फिर्यादीच्या मसुद्यात कशी बसवायची?

"आणि मोडलेला पत्रा?"

"तो का कुठं जाईन?" त्याने चौथ्या यंत्राकडे हात केला. तपासणी होऊनही ते अजून पडवीतच उभं होतं. मी उठून भट्टीच्या कवचावरून हात फिरवला. पत्र्याला पत्रा जोडायला लोखंडी रिपिटं मारतात, त्यांच्या डोक्यांची एक रांग बोटांना लागली. ती रांग मध्येच कुठून तरी सुरू होऊन मध्येच संपत होती. तिथे काहीच जोडलेलं नव्हतं.

"ही रिपिटं इथं कशाला?"

"ते पयल्या पिंपाचे छेद हाय जी. बुजवले. नाई तं आच बाहेर येते."

दुसऱ्या दिवशी मी साहाय्यकाला बरोबर घेतलं. पातळ कागद, पेन्सिली आणि खात्याकडे असलेले पहिल्या तीन पिंपांचे नकाशे घेतले. पत्र्यावर कागद धरून पेन्सिल घासली की बुजवलेल्या छेदांच्या खुणा कागदावर उठत. लहान मुलं नाण्याचा छाप उठवतात, तसं आम्ही दोन वकील सकाळभर करत होतो. हात काळे झाले. येणारे-जाणारे थांबून बघत. साहाय्यकाने नकाशावर कागद ठेवला आणि त्याचा आवाज बदलला.

"साहब, मिल रहा है। छेद से छेद मिल रहा है।"

पहिलं पिंप भट्टीच्या कवचात होतं. दुसरं धुराच्या नळीत आणि धान ओतायच्या तोंडात. तिसऱ्याचा बहुतेक भाग यंत्राच्या पायांत दुमडलेला. दुपारपर्यंत सगळं जुळलं, फक्त तिसऱ्याचा तळाचा गोल पत्रा सापडेना.

"एक तवा तो बाज़ार पहुँच ही गया," साहाय्यक माझ्या कानाशी पुटपुटला.

ते मिस्त्रीच्या बायकोला ऐकू गेलं. "बाजारात काहून जाईन? माह्या धानाच्या कोठीवर हाय झाकन म्हनून. उंदीर मातले होते. यायले म्हनलं, एवढा गोल पत्रा पडून हाय तं द्या मले. सरकारले उंदीर माहीत नसन, मले माहीत हाय."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "तुले कोनी बोलाले सांगतलं?"

"खरं हाय तं बोलू नोको?"

ती आत गेली आणि झाकण घेऊन आली. हातभर रुंदीचा गोल पत्रा. आता माझी अडचण सुरू झाली. झाकणाचा उल्लेख केला नाही तर सगळा पत्रा यंत्रातच आहे असं लिहिता येत होतं. केला, तर सरकारचा पत्रा घरगुती वापरात गेला हे कबूल होत होतं, आणि हुकमातली शंका हातभर का होईना, खरी ठरत होती.

"साहब, मत लिखिए," साहाय्यक म्हणाला. फिर्यादीचा मसुदा लिहिणारा तोच. "ज़रा-सा तो है।"

मिस्त्रीने हळूच विचारलं, "लेहलं तं जेल होईन का जी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण हे लपवलं आणि पुढे कुणाला सापडलं, तर हे सगळे कागदही खोटे ठरतील. मग मला तुमच्या बाजूनं बोलता येणार नाही."

त्याने बायकोच्या हातातलं झाकण घेऊन माझ्यापुढे धरलं. "मंग लेहा."

मी झाकण ताब्यात घेतलं. उलटं केलं तेव्हा दिसलं, आतल्या बाजूला धुराचं एक काळं वर्तुळ होतं, एका जागी जाड, बाकी पुसट.

"हे काय?"

"हेच तं! इथून धूर आत घुसे. धानाले वास लागे. म्हनून तं चौथ्याले नळी लावली."

कोठीवर गेल्यामुळे हा एवढा तुकडा भट्टीतून वाचला होता. तीन फसलेल्या प्रयत्नांतून माझ्या कलमाप्रमाणे जपून राहिलेली वस्तू काय ती ही एकच, आणि ती जपली होती उंदरांच्या त्रासामुळे. मी पावती लिहिली.

"पावती चांगली ठेवा," बायको नवऱ्याला म्हणाली, आणि मग मला, "आन उंदरायले बी एक नोटीस लावून द्या, साहेब."

त्यानंतर दोन दिवस मिस्त्रीने आम्हाला तिन्ही पिंपं सांगितली. एकही गोष्ट त्याने कुठे लिहिलेली नव्हती, पण जमिनीवर खडूने प्रत्येक जोड काढून तो दाखवी. पहिल्यात आच फार जवळ आणि वाफेचं तोंड बारीक, त्यामुळे धान बाहेरून कोरडं, आतून ओलं, आणि गिरणीत गेलं की अर्धी कणी. दुसऱ्यात आच दूर नेली, पण तोंड बारीकच राहिलं, त्यामुळे वाफ कोंडली. तिसऱ्यात तोंड मोठं केलं तर धूर शिरला. मी मराठीत उतरवून घेई, साहाय्यक त्याचं हिंदी करी. तो मध्येमध्ये असे प्रश्न विचारी की वाटावं, हा वकील कशाला झाला.

वर पाठवायच्या अभिप्रायात मी झाकणासकट सगळं लिहिलं. आणखी एक गोष्ट लिहिली, ती लिहिताना मला लाज वाटली. फसलेले नमुने ठेव म्हणून मी कलम घातलं, पण ते ठेवायचे कुठे हे विचारलं नाही. एका खोलीच्या दुकानात तीन पिंपं ठेवली तर माणसाने काम कुठे करायचं? नमुना फसला की ठेकेदाराने कळवावं आणि खात्याने आठ दिवसांत तो गाडीने उचलून न्यावा, असं कलम बदलावं, असं सुचवून मी सही केली. फिर्यादीच्या मसुद्यावर केली नाही.

उत्तर यायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांत गावात बोभाटा झाला होता. पोलिसांचं लफडं आहे म्हणून गिरणीवाले आपलं काम दुसरीकडे नेऊ लागले. मी सायकलवरून जाताना मिस्त्री पडवीत रिकामा बसलेला दिसे. मला बघून उठून उभा राही, काही विचारत नसे. त्याचं ते न विचारणं मला जड जाई.

शेवटी कागद आला. फिर्यादीची गरज नाही, ठेकेदाराला लेखी समज द्यावी. कलमातली दुरुस्ती मंजूर. फसलेल्या प्रयत्नांची अशीच टिपणं यापुढे प्रत्येक ठेकेदाराकडून घ्यावीत.

मी तसाच दुकानात गेलो. आधी हिंदीत वाचून दाखवलं, मग आमच्या बोलीत सांगितलं. बायको दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रीने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"म्हंजे बिघडलं तं तुमाले सांगाचं, आन तुमी गाडी पाठवान?"

"हौ."

"आन बिघडलं म्हनून कोनी रागावनार नाई?"

"नाही. कसं बिघडलं ते मात्र विचारू."

"आजवर कोन्या गिऱ्हाइकानं हे नाई इचारलं," तो म्हणाला. पंच्याने त्याने तोंड पुसलं. मग कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. खाली घासलेटच्या डब्यांच्या पत्र्याचं, गुडघ्याएवढं एक पिंप होतं.

"काम नोहतं तं आपल्याच मनानं करून पाह्यलं. बसा जी, कागद काढा. हे पाचवं हाय, कालच बिघडलं."

मी पाटावर बसलो आणि पेनाचं टोपण काढलं.