एका थापडीपुरतं कराटे

चिखलीच्या बबनरावांनी आयुष्यात एकदाच चारचौघांत मार खाल्ला, आणि तोही एका फोटोपायी. गावच्या यात्रेचा फ्लेक्स लागायचा होता. यात्रेच्या फ्लेक्सवर देव मध्यभागी असतो असा बाहेरच्या लोकांचा भोळा समज आहे. देव असतो वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाकी सगळी जागा शुभेच्छुकांची, गॉगल लावलेल्या आणि सोन्याच्या साखळ्या शर्टाबाहेर काढून ठेवलेल्या. तर वरच्या ओळीत फोटो कुणाचा, बबनरावांचा की त्यांचे चुलतभाऊ उद्धवराव यांचा, या थोर प्रश्नावर देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. बबनराव माइक हातात घेऊन म्हणाले, "घराण्यातली थोरली पाती आमची हाय." उद्धवराव उठले आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बबनरावांच्या मुस्काटात ठेवून दिली. माइक चालूच होता. त्यामुळे ती थापड मंडपातल्यांनी पाहिली आणि उरलेल्या गावानं कर्ण्यावर ऐकली.

मग बबनरावांनी काय केलं? पडलेली टोपी उचलली, झटकली आणि "बघून घेतो" म्हणाले. बघून घेतो म्हणणाऱ्या माणसानं आजवर कुणाचं काय बघून घेतलंय ते एकदा मला कुणीतरी दाखवावं.

घरी शालनबाई ताट वाढून बसल्या होत्या. कर्णा त्यांच्या खिडकीसमोरच होता. "तवाच का न्हाई दिली?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यानंतर रोज विचारत राहिल्या. खरी गोष्ट अशी की त्या वेळी त्यांचा हात उठलाच नाही. अंगातलं सगळं गोठून गेलं होतं. एके काळी याच हातांना नांगराचे घट्टे होते. मग जमिनी विकल्या, चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या, घट्टे गेले आणि त्यांच्या जागी अंगठ्या आल्या. गेल्या कैक वर्षांत त्या हातानं मोबाइलपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं.

हाताखालची पोरं पाठवून काम करता आलं असतं. पण पोरांनी मारलेली थापड पोरांची होते, हे बबनरावांना कळत होतं. गावानं पुन्हा मान वर करून बघावं असं वाटत असेल तर हात स्वतःचाच हवा, गाल उद्धवरावांचाच हवा. त्यासाठी ते एका संध्याकाळी जवळच्या सोसायटीच्या क्लबहाउसात भरणाऱ्या कराटेच्या क्लासात गेले.

त्या क्लासच्या दारात उभं राहून आईबाप काय काय विचारतात ते ऐकण्यासारखं असतं. कराटेनं उंची वाढते का? गणितात लक्ष लागतं का? नाक मोडलं तर पुढं लग्नाच्या वेळी दिसेल का? काळा पट्टा दहावीच्या आधी आटपेल का? पोरीनं किंवा पोरानं लढायला शिकावं असं त्यांतल्या एकालाही वाटत नसतं. आत गेलं तर त्याहून भारी मासा, हरिहर. महाळुंग्याच्या कंपनीतला इंजिनिअर. यूट्यूबवर जगातल्या झाडून सगळ्या मारामाऱ्या पाहून बसलेला. समोर चाकू घेऊन तिघं आले तर कोणता ब्लॉक, हे तो दर आठवड्याला विचारायचा. त्याच्यावर चाकू घेऊन तिघं कशाला येतील? त्याच्या सोसायटीतलं मांजरसुद्धा त्याच्या अंगावर येत नव्हतं.

शिकवणारी होती मृदुला, निगडी प्राधिकरणातली, दिवसा शाळेत पीटी घेणारी. नाव मृदुला आणि मांड्या लोखंडाच्या. बबनरावांनी तिच्यापुढं खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली.

"वयाचं काय मॅडम? आमच्यासारख्याला चालंल का?"

"चालेल की, काका."

"गुडघा धरतोय."

"जेवढं जमेल तेवढंच करायचं."

"मटान सोडावं लागंल का?"

"खा. फक्त पोट भरून क्लासला येऊ नका."

"मार लागतो का?"

"थोडाफार लागतो."

बबनराव विचारात पडले. "मंग शिकायचं कशापायी? मार लागू नये म्हनूनच शिकत्यात ना?" मृदुला हसली. मग त्यांनी आवाज उतरवून खरं काम सांगितलं. "मला समदं नगं. एक थापड शिकवा. उजव्या हाताची. किती दिवसांत येईल?"

"थापड नसते कराटेत, काका. मुठीनं मारायचं. आणि इथं तोंडावर तर मारायचंच नाही."

थापड नाही! बबनरावांना वाटलं आपण हॉटेलात जाऊन चहा मागितला आणि मालक म्हणाला चहा नसतो. मूठ त्यांना नको होती. मुठीनं दात पडतो आणि पोलिसात केस होते. थापडीनं काहीच मोडत नाही, नुसती इज्जत जाते, आणि त्यांची तीच गेली होती. ते उठणारच होते, तेवढ्यात मृदुला म्हणाली, "इथं एक गोष्ट नक्की जाते. समोरचा अंगावर आला की आपण जे गोठून जातो ना, ते." बबनराव परत बसले. हा रोग त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता.

असा हा गडी पांढरा ड्रेस चढवून, पोटाखाली पट्टा बांधून रांगेत उभा राहिला. भिंतीवर पट्ट्यांचा तक्ता होता. पांढऱ्याच्या वर पिवळा, पिवळ्याच्या वर हिरवा, असं चढत चढत काळ्यापर्यंत. बबनरावांनी तो वाचला आणि ते चक्रावले.

"मॅडम, ह्यात चूक हाय. पिवळ्याच्या वर हिरवा कसा?"

मृदुलाला प्रश्नच कळेना. प्राधिकरणातल्या आखीव प्लॉटवर वाढलेल्या पोरीला तो कळणारही नव्हता. चिखलीत माणसं हयात घालवतात ती हिरव्या झोनातली जमीन पिवळ्या झोनात आणण्यासाठी. हिरव्यात नुसती भाजी होते, पिवळ्यात इमारती होतात. पिवळ्यातून हिरव्यात जाणं याला बबनरावांच्या हिशेबी बढती म्हणत नाहीत, सत्यानाश म्हणतात. पुढं यथावकाश त्यांना पिवळा पट्टा मिळाला, तेव्हा हिरव्याच्या परीक्षेला बसायला त्यांनी साफ नकार दिला. "आमी पिवळ्यातच बरे," म्हणाले.

घरी सराव चालायचा तो मात्र थापडीचाच. सोफ्याची पाठ हा उद्धवरावांचा गाल. रोज सकाळी तिला चार-सहा लगावल्याशिवाय ते आंघोळीला जात नसत. "सोफ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" शालनबाई विचारायच्या. "ज्याला मारायचं त्याला मारा की."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बबन कराटे शिकतोय हे उद्धवरावांच्या कानावर गेलं आणि त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला असणार. कारण पुढच्याच महिन्यात क्लबहाउसाच्या दारात एक नवा पांढरा ड्रेस उभा, आणि त्यात साक्षात उद्धवराव! दुसऱ्या कुठल्या क्लासला गेलेही असते, पण गुडघे त्यांचेही त्याच घराण्यातले. लांब चालवत नव्हतं.

बबनरावांनी मृदुलाला बाजूला घेतलं. "मॅडम, ह्या मानसाला घिऊ नका."

"का हो?"

आता काय सांगणार? त्यानं मला मारलंय, असं? पोरीसमोर, आणि हरिहर कान टवकारून बसलेला असताना? "त्याला शुगर हाय," बबनराव म्हणाले.

"शुगर तुम्हालाही आहे, काका."

पुढं व्हायचं ते झालं. क्लासात त्या वयाची आणि त्या वजनाची माणसं दोनच. मृदुलानं दोघांना जोडीला लावलं. तिला ना फ्लेक्स माहीत होता ना ती थापड. बैठकीपासून ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं ते आता आठवड्यातून तीनदा समोरासमोर उभे राहून कमरेत वाकू लागले. एकानं पॅड धरायचा, दुसऱ्यानं गुद्दे मारायचे, मग उलट. पॅडच्या आडून दोघांचे डोळे एकमेकांना खात असायचे. मृदुलाला वाटे, काय मनापासून करतात हे काका लोक!

असं करता करता पुढच्या यात्रेचे दिवस जवळ आले. बबनरावांच्या मनात बेत पक्का होता. पारावर, सगळ्यांसमोर, शांतपणे पुढं जायचं आणि द्यायची. एवढी तयारी, एवढी वाट पाहिली, आणि त्या बेताची माती व्हायला एक संध्याकाळ पुरली.

त्या संध्याकाळी जोडीनं लढायचा सराव होता. उद्धवराव एक पाऊल पुढं आले आणि त्यांनी बबनरावांच्या पोटावर अगदी हलका, नेटका गुद्दा टेकवला. "वा, उद्धवकाका! छान!" मृदुला ओरडली. हरिहरनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या क्लासनंच वाजवल्या. त्या टाळ्या बबनरावांच्या डोक्यात गेल्या. पाय कसे ठेवायचे, कंबर कशी फिरवायची, सगळं विसरून त्यांनी हात पार मागं नेला आणि नांगराच्या काळातली, अस्सल गावठी थापड उद्धवरावांच्या गालावर ओढली. हॉलभर आवाज घुमला.

गोठले नाहीत हो! या वेळी गोठले नाहीत. ते त्यांना स्वतःलाच इतकं नवीन होतं की ते आपल्या पंजाकडे बघतच राहिले.

"काका!" मृदुला धावत मध्ये आली. "तोंडावर नाही म्हणून किती वेळा सांगितलंय? आणि उघड्या हातानं? सॉरी म्हणा त्यांना. वाकून."

बबनराव खुशीनं वाकले. एका थापडीला एक सॉरी, त्यांना हा सौदा महागाचा वाटला नाही. उद्धवरावांनीही गाल चोळत वाकून ती सॉरी घेतली. घरी जाताना बबनराव चक्क शीळ घालत होते, आणि या माणसाला शीळ येते हे शालनबाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. जेवताना त्यांनी थापडही सांगितली आणि सॉरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी पारावर जाऊन बसले. इस्त्रीची टोपी, हातात चहा. उद्धवराव आले तेव्हा त्यांचा गाल सुजून लाल झाला होता. बबनरावांना तो यात्रेच्या रोषणाईपेक्षा देखणा दिसला. भिवा न्हावी आलेला होता, आणि गालावरचं काही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

"आबा, गालाला काय झालं वो?" त्यानं उद्धवरावांना विचारलं.

बबनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. आता ऐका रे, असं त्यांना सगळ्या गावाला सांगावंसं वाटलं.

"आरं, कराट्यात लागली," उद्धवराव मोठ्यांदा, मजेत म्हणाले. "बबनची. खेळायचं म्हनल्यावं लागायचंच की."

"बबननानांची?"

"मंग! लई सुधारलाय त्याचा हात. आन् मानूस बी दिलदार. लागलीच वाकून सॉरी म्हनला."

पारावरच्या मंडळींना केवढा आनंद झाला! या वयात दोघं भाऊ एका ठिकाणी खेळतायत, याला म्हणतात मोठेपणा, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. वर्षभरापूर्वी याच मंडळींनी कर्ण्यावरची थापड ऐकून हसून हसून पोट धरलं होतं. बबनराव ताडकन उठले.

"खेळ नव्हता त्यो! मी मारलीया त्याला! मुद्दाम मारलीया! बैठकीत त्यानं मारली, तिची परतफेड हाय ती!"

मग भिवा समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाना, खेळातलं असं मनाला लावून घिऊ नगा."

"बस बबन, च्या पी," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी सरकून बबनरावांना शेजारी जागा करून दिली. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जे होतं ते एकट्या बबनरावांनाच दिसलं.

बबनराव घरी आले तेव्हा शालनबाई मेथी निवडत होत्या. "फिटली का?"

"न्हाई. खेळ व्हता म्हनत्यात."

"सॉरी कशाला म्हनला?"

"मॅडमनं लावलं म्हनायला." बबनराव परत दाराकडे वळले. "ऱ्हाऊ दे. आता जातो आन् पारावंच देतो. समद्या गावाम्होरं."

"द्या की," शालनबाई मान वर न करता म्हणाल्या. "लोकं म्हनत्याल, नानांचा सराव चाललाय."

बबनराव दारातच बसले. बाईचं खरं होतं. त्यांच्याजवळ उद्धवरावांसाठी एकच थापड होती, आणि ती त्यांनी क्लासात घालवली होती.